नुकसानभरपाईची यादी मागितली तर 'वैयक्तिक माहिती' म्हणे! सरकारी दप्तर उघडं असावं की मिटलेलं?

आगरवाला (श्रीवर्धन तालुका) :

३ जून २०२०. निसर्ग चक्रीवादळ आमच्या डोक्यावरून गेलं आणि दुपारभरात आगरातली निम्मी सुपारी आडवी झाली. भरपाई ठरली हेक्टरी ५० हजार, म्हणजे आमच्या आठ गुंठ्यांचे चार हजार. तेही येईनात, तेव्हा मी माहितीच्या अधिकारात अर्ज टाकला. वर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप आणि मागणी एकच : आमच्या वाडीची लाभार्थी यादी, पंचनाम्यांसह.

पानाला दोन रुपये भरले, यादी मिळाली. आम्ही चौघं पडवीत बसलो, शेजारी सातबारे घेतले आणि बोट ठेवून एकेक ओळ ताडली. एकाचे सात गुंठे सत्तर लागले होते. आमचं नाव होतं, पण समोर गट नंबर भलत्याचाच. दोन्ही चुका दाखवल्या, दोन्ही दुरुस्त झाल्या. नावं झाकलेली असती तर त्या सत्तरावर आमचं बोट थांबलंच नसतं.

आता गेल्या पावसातल्या नुकसानीची तशीच यादी मागितली, तर एका ओळीचं उत्तर : 'माहिती वैयक्तिक स्वरूपाची असल्याने कलम ८(१)(ञ) अन्वये देता येत नाही.' पैसा सरकारचा, पंचनामा सरकारचा, मग माहिती एकट्याची कशी? मला हे पटत नाही. तुमचं मत सांगा.

लालबागचा चाकरमानी (गाव गुहागर तालुक्यात) :

दादा, तुमचा राग कळतो, पण दुसरी बाजू माझ्या घरात घडलीय. आई गावी एकटी असते. असल्याच एका यादीचा फोटो गावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आला. नाव, मोबाईल, बँकेचा खाते नंबर, सगळं. पंधरा दिवसांत तिला फोन. समोरच्याने तिचं पूर्ण नाव घेतलं, खात्याचे शेवटचे आकडे वाचून दाखवले आणि म्हणाला, 'आजी, हप्ता अडकलाय, आलेला नंबर सांगा.' माझा नंबर तिने देवघराच्या भिंतीवर पेन्सिलीने लिहून ठेवलाय म्हणून आधी मला फोन केला. नाहीतर खातं रिकामं झालं असतं.

सातबाऱ्याचंही तेच. गट नंबर टाकला की कुणालाही घरबसल्या दिसतो. आमचा सामायिक आहे, अकरा हिस्सेदार. परक्या एजंटाने ती नावं वाचली, त्यातला अडचणीतला चुलत भाऊ हेरला आणि त्याचा अविभक्त हिस्सा घेतला. आता वाटपाचा दावा आमच्या उरावर आहे. दप्तर उघडं ठेवा म्हणणाऱ्यांनी हेही बघावं.

माडाखाली (मालवण) :

@चाकरमानी, आईंचं वाचून वाईट वाटलं. पण सातबाऱ्याच्या बाबतीत मी उलटं सांगेन. आमच्या जमिनीवर वारसांतली दोन नावं गाळून फेरफार धरला होता. भाऊ डोंबिवलीला असतो. त्याने 'आपली चावडी' या सरकारी संकेतस्थळावर ती नोटीस पाहिली आणि पंधरा दिवसांच्या आत हरकत घेतली. दप्तर मिटलेलं असतं तर आम्हाला गणपतीला गावी आल्यावर कळलं असतं, तेही कुणी सांगितलं तर. कोकणात अर्धी घरं बंद असतात. मालक मुंबईला आणि कागद तालुक्याला. अशा मुलखात उघडा कागद हाच राखणदार.

काळा कोट (चिपळूण) :

कायदा नेमका कुठे बदलला ते सांगतो, कारण आगरवाल्यांना आलेलं उत्तर त्यातूनच निघालंय.

२००५च्या माहिती अधिकार कायद्यातलं मूळ आठ-एक-जे, म्हणजे तेच ८(१)(ञ), फक्त 'वैयक्तिक' म्हणून थांबत नव्हतं. माहितीचा सार्वजनिक कामाशी संबंध नसेल किंवा ती दिल्याने कुणाच्या खासगीपणावर विनाकारण घाला येत असेल, तरच नकार. शिवाय जी माहिती संसदेला वा विधिमंडळाला नाकारता येत नाही, ती नागरिकालाही नाकारता येणार नाही, असा शेवट होता. २०२३च्या डिजिटल व्यक्तिगत डेटा संरक्षण कायद्याच्या कलम ४४(३)ने हे सगळं काढलं आणि १४ नोव्हेंबर २०२५पासून ते लागू झालं. आता उरलंय इतकंच : वैयक्तिक माहितीशी संबंधित असेल तर सूट.

कलम ८(२) शाबूत आहे, हे खरं. लोकहित मोठं असेल तर माहिती देता येते. पण मूळ कायद्याच्या ६(२)प्रमाणे माहिती का हवी हे सांगावं लागत नाही, आणि नकार योग्य होता हे सिद्ध करायचं ओझं १९(५)ने अधिकाऱ्यावर टाकलंय. आता ८(२) गाठायचं तर लोकहित अर्जदारानेच मांडत बसायचं. सात गुंठ्यांचे सत्तर झालेत हे यादी मिळण्याआधी आगरवाले कसे मांडणार होते? मला सगळ्यात जास्त हेच खुपतं.

निवृत्त तलाठी बाई (राजापूर) :

वकीलसाहेब, खुर्चीच्या पलीकडून सांगते. चांगले अर्ज पुष्कळ आले, पण एकाने भावजयीच्या रजेचे अर्ज मागितले होते, डॉक्टरच्या कागदांसकट, घटस्फोटाच्या दाव्यात वापरायला. तो कागद मी त्याच्या हातात का द्यायचा? २४ ऑगस्ट २०१७ला नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला, तो त्या बाईलाही आहे.

काळा कोट (चिपळूण) :

बाई, तो अर्ज जुन्या कलमातही नाकारता येत होता, आणि तुम्ही नाकारलात ते योग्यच. त्यासाठी नवं कलम लागत नव्हतं.

निवृत्त तलाठी बाई (राजापूर) :

कलमात बसत होतं, पण अर्जदार रोज दारात उभा राहतो तेव्हा कारकुनाला स्पष्ट शब्द लागतात. तरी एक कबूल करते. पूर्ण यादी नाकारणं हा आळस आहे. कलम १० आहे ना! मोबाईल, आधार, खाते नंबर यांवर काळी पट्टी ओढायची आणि बाकीची प्रत द्यायची. मी पट्टी ठेवून मार्करने हे काम केलंय. चाळीस पानांना एक दुपार लागते.

लालबागचा चाकरमानी (गाव गुहागर तालुक्यात) :

अशी पट्टी मारलेली यादी आईच्या नावासकट चावडीवर लागली तरी माझी हरकत नाही. पण पट्टी मारायचं राहून गेलं तर दंड कुणाला, तेही ठरायला हवं.

आगरवाला (श्रीवर्धन तालुका) :

@चाकरमानी, खरं सांगतो, २०२०च्या यादीतही मोबाईल नंबर होते आणि आम्ही तिच्या झेरॉक्स वाडीभर वाटल्या. तेव्हा कुणाच्या मनातही आलं नाही. आता वाटतं, ते चुकलंच.

पहिलं अपील करायला तीस दिवस आहेत, त्यातले नऊ गेले. त्यात लिहितोय : नाव, गट नंबर, क्षेत्र आणि मंजूर रक्कम द्या, बाकी कलम १०खाली झाका. आणि २६ जानेवारीच्या ग्रामसभेत तीच यादी मोठ्याने वाचायची मागणी मी उभा राहून करणार आहे. वकीलसाहेब, ८(२)चा परिच्छेद उद्या इथे टाकतो, जरा नजर घाला.