मदत हवी आहे : जामीनदारीमुळे क्रेडिट स्कोअर घसरला असताना पहिले क्रेडिट कार्ड कोणते घ्यावे?

नमस्कार. माझी धाकटी बहीण कराडला घरगुती मसाल्यांचा व्यवसाय करते. तिच्यासाठी पहिले क्रेडिट कार्ड निवडायचे आहे आणि त्याबाबत जाणकारांचा सल्ला हवा आहे.

तिने बँकेचे कर्ज स्वतःच्या नावावर कधीच घेतलेले नाही. कांडप मशीनसाठी पतसंस्थेकडून घेतलेले कर्ज तिने एकही हप्ता न चुकवता फेडले, परंतु कर्जफेडीच्या नोंदी ठेवणाऱ्या सिबिल या कंपनीच्या अहवालात त्याचा मागमूस नाही. तिथे दिसते ते एकच खाते, म्हणजे दिराच्या दुचाकीच्या कर्जाला ती जामीन राहिली होती त्याचे. त्या कर्जाचे दोन हप्ते लागोपाठ थकले होते. पुढे कर्ज पूर्ण फिटले, तडजोड करून मिटवावे लागले नाही. तरीही त्या दोन महिन्यांसमोर उशिराचे दिवस नोंदलेले आहेत आणि 300 ते 900 या पट्टीवर तिचा स्कोअर साडेसहाशेच्या आसपास अडकला आहे. जिने स्वतःचे देणे कधी थकवले नाही, तिच्या वाट्याला हे यावे याचे फार वाईट वाटते.

एका बँकेने अर्ज नाकारला. प्रत्येक अर्जागणिक बँक अहवाल मागवते आणि ती चौकशीही अहवालात उमटते, म्हणून अंदाजाने आणखी अर्ज करायचे नाहीत असे आम्ही ठरवले आहे. स्वतःचा अहवाल स्वतः पाहिल्याने स्कोअर घटत नाही, आणि सिबिल, एक्स्पिरियन, इक्विफॅक्स व क्रिफ हाय मार्क या चारही कंपन्यांना तो वर्षातून एकदा विनामूल्य द्यावा लागतो. त्यामुळे चारही अहवाल मागवून पाहिले. चुकीची नोंद कुठेही नाही, म्हणजे तक्रार करून काही दुरुस्त होईल अशी आशा नाही.

आता मुदत ठेवीवर मिळणारे कार्ड हा मार्ग मला सर्वांत योग्य वाटतो. ठेव तारण असल्यामुळे बँक स्कोअरबाबत फारशी अडून बसत नाही, ठेवीवरचे व्याज चालू राहते आणि परतफेडीची नोंद इतर कार्डांप्रमाणेच अहवालात जाते. शाखेतील एका ओळखीच्या माणसाने मात्र असे कार्ड 'कमी दर्जाचे' असल्याचे सांगून बहिणीच्या मनात शंका निर्माण केली आहे. शुल्क नसलेले साधे कार्ड असले तरी तिला चालेल. विमानतळावरील विश्रामकक्ष किंवा चित्रपटाची तिकिटे यांचा तिला काहीच उपयोग नाही.

खरी अडचण मर्यादेची आहे. पन्नास हजारांच्या ठेवीवर ऐंशी टक्के धरले, तर चाळीस हजारांची मर्यादा मिळेल. स्कोअर चांगला राहावा म्हणून मर्यादेच्या तीस टक्क्यांच्या आत खर्च ठेवावा असे सांगतात, म्हणजे बारा हजार. फेब्रुवारी-मार्चमध्ये वर्षाची संकेश्वरी आणि ब्याडगी मिरची भरायची, तर एकाच खेपेला त्याच्या तिप्पट रक्कम लागते. मालाचे पैसे एप्रिलअखेर सुटतात, त्यामुळे पंचेचाळीस-पन्नास दिवसांची बिनव्याजी मुदत तिच्या धंद्याला नेमकी लागू पडते. पण पूर्ण बिल भरता आले नाही, तर व्याज खरेदीच्या दिवसापासून लागते आणि अनेक कार्डांवर ते महिना तीन टक्क्यांच्या पुढे असते, हे तिला मी कागदावर आकडे मांडून दाखवले आहे. 'किमान देय रक्कम' भरून वेळ मारून न्यायची नाही, यावर आमचे एकमत आहे.

माझे प्रश्न असे :

अहवालात मागील 36 महिन्यांचा हप्त्यांचा तपशील दिसतो. ते दोन थकलेले महिने पुढच्या वर्षी त्यातून बाहेर पडतील, असा माझा अंदाज आहे. तोवर थांबून साधे कार्ड मागावे, की आजच ठेवीवरचे कार्ड घेऊन चांगल्या नोंदी सुरू कराव्यात?

बँकांना जानेवारी 2025 पासून या कंपन्यांना निदान पंधरवड्यातून एकदा माहिती कळवावी लागते. अशा वेळी बिल निघण्याआधीच काही रक्कम भरली, तर अहवालात मर्यादेचा वापर कमी दिसतो का? बिलाची तारीख बदलून घेता येते, हे मला ठाऊक आहे. मिरचीच्या हंगामासाठी ती कोणती ठेवावी?

घाऊक व्यापारी यूपीआयच्या व्यापारी क्यूआरवर पैसे घेतात. त्यासाठी यूपीआयला जोडता येणारे रुपे कार्डच घ्यावे असे मला वाटते. ठेवीवरचे रुपे कार्ड वापरणाऱ्या कुणाला यूपीआयवर मोठी रक्कम देताना अडथळा आला आहे का?

ठेव मोडायची झाली, तर आधी कार्ड बंद करावे लागते. वर्ष-दीड वर्षानंतर बँक स्वतःहून विनातारण कार्ड देते, की त्यासाठी नव्याने अर्ज करावा लागतो, हे प्रत्यक्ष अनुभव असलेल्यांनी कृपया सांगावे.