मुलांच्या पुस्तकात सापडलेले आपले घर : तुमचे अनुभव लिहा

घरातील मानसिक आजार, आई-वडिलांपासूनची ताटातूट, जवळच्या माणसाचा मृत्यू यांना सामोऱ्या जाणाऱ्या मुलांच्या कथा-कादंबऱ्या तुमच्या हाती कधी आल्या आणि त्यानंतर घरात काय बोलले गेले, हे कृपया सविस्तर लिहावे. सुरुवात मी करते.

माझ्या आईला बायपोलर आजार, म्हणजे अति उत्साह आणि खोल नैराश्य आलटूनपालटून येणारा मानसिक आजार, होता. आमच्या लहानपणी "तिच्या डोक्यावर परिणाम झाला आहे" एवढेच शेजारी म्हणत आणि आम्ही दोघी बहिणी मैत्रिणींना कधीही घरी बोलावत नसू. दिवाळीत आई रात्रभर करंज्या करत बसे आणि पुढचे पंधरा दिवस अंथरुणातून उठत नसे. जॅकलिन विल्सन यांची 1999 मधील मुलांसाठीची कादंबरी 'द इलस्ट्रेटेड मम' मी चाळिशीत वाचली, तीही मुलीने ग्रंथालयातून आणली म्हणून. त्यातील आई मॅरिगोल्ड अंगभर गोंदवून घेते, पैसे उधळते आणि एकदा स्वतःला पांढरा रंग फासते. तिची धाकटी मुलगी डॉल्फिन तिच्यावर जीव टाकते आणि तिला घाबरतेही. या दोन्ही भावना एकाच मुलीच्या मनात असू शकतात, हे मला कोणी सांगितले नव्हते. शेवटी मॅरिगोल्ड पूर्ण बरी होऊन घरी परतत नाही, म्हणूनच माझा लेखिकेवर विश्वास बसला. "आजी अशी होती का?" असे मुलीने विचारले, तेव्हा मी आईविषयी प्रथमच सगळे बोलले.

---

प्रकाश नारायण संत यांचे 'वनवास' (1994) हे रूढ अर्थाने बालसाहित्य नव्हे, तरी मी ते नववीत असताना वाचले. मीही त्यातील लंपन या मुलासारखा आई-वडिलांपासून दूर, आजी-आजोबांकडे वाढलो. त्यांच्या मायेत काही उणे नसतानाही आईची आठवण येणे म्हणजे कृतघ्नपणा नव्हे, एवढे त्या पुस्तकाने मला दिले.

---

माझा मुलगा अकरा वर्षांचा असताना त्याची आई कर्करोगाने गेली. वर्षभराने आम्ही 'अ मॉन्स्टर कॉल्स' रोज रात्री थोडेथोडे वाचू लागलो. कर्करोगानेच 2007 मध्ये निधन पावलेल्या शिवॉन डाऊड यांच्या कल्पनेवरून पॅट्रिक नेस यांनी ही कादंबरी लिहिली. आईच्या आजारपणाचे हे सारे एकदाचे संपावे असे आपल्याला वाटत होते, हे त्यातील मुलाला, कॉनरला, अखेर कबूल करावे लागते. त्या पानावर मुलाने पुस्तक मिटले आणि बऱ्याच वेळाने म्हणाला, "बाबा, मलाही तसंच वाटायचं." मलाही तसेच वाटत असे, हे मी त्याला त्या रात्री सांगितले.

---

मी शिक्षिका आहे आणि माझा अनुभव थोडा वेगळा आहे. आई-वडील नुकतेच विभक्त झालेल्या सहावीतील एका मुलाला मी त्याच विषयावरची कादंबरी सर्वांसमोर दिली. दुसऱ्या दिवशी त्याने ती न उघडता परत केली आणि महिनाभर तो माझ्याशी मोकळेपणाने बोलला नाही. माझा हेतू चांगला होता, परंतु मी त्याचे दुःख वर्गासमोर उघडे केले होते. आता अशी पुस्तके मी साहसकथांच्या शेजारीच ठेवते आणि कोणी नेली तर कारण विचारत नाही. ज्या वर्गातील मुलाच्या घरी नुकतेच काही घडले आहे, तेथे त्या विषयाची गोष्ट मोठ्याने वाचून दाखवणेही मी टाळते. इतर वर्गांत मात्र ती आवर्जून वाचते.