दुकानात उभ्याने वाचलेली कॉम्प्युटरची पुस्तकं : तुमचेही किस्से सांगा

गोदाकाठची : काल माळा आवरताना कानेटकरांचं सी भाषेचं 'लेट अस सी' सापडलं. आत पेन्सिलीने किंमत आणि नाशिकच्या एमजी रोडच्या दुकानाचा शिक्का. 1999, पॉलिटेक्निकचं दुसरं वर्ष. पॉइंटरचं अख्खं प्रकरण मी त्या दुकानात उभ्याने वाचलंय, तीन दिवस, रोज सिडकोची बस सोडून. चौथ्या दिवशी काकांनी स्टूल पुढे सरकवलं, म्हणाले "बस पोरी, पायाला गोळे येतील". मेल्याहून मेल्यासारखं झालं, घेतलंच मग. आता लेक फोनवर दोन मिनिटांत मागवतो. तुमचं काय?

सातपूरकर : नशीबवान आहात. आमच्यावेळी हात लावला की "घ्यायचंय का?" आणि सीडीवालं पुस्तक असेल तर सीडी आधीच गल्ल्यात, बिल झाल्यावरच मिळायची.

उंटवाला : ओरायली प्रकाशनाची प्राण्यांची कव्हरं आठवतात का, पर्ल भाषेच्या पुस्तकावर उंट. पुण्याला अप्पा बळवंत चौकात जाऊन "ते उंटाचं द्या" म्हटलं, त्याने बालवाडीचं चित्रमय पुस्तक काढून दिलं. खरंच.

मेनरोडची मावशी : हाहा उंट! एमजी रोडच्या बाजूला गेलं की सायंताराचा साबुदाणा वडा व्हायलाच हवा, पुस्तक मिळो न मिळो

कळवणकर : सगळे शहरातले दिसताय. आम्हाला दुकान म्हणजे नाशिक, एसटीने जाऊन येऊन दिवस मोडायचा आणि तिथे "संपलंय, पुढच्या आठवड्यात या". फ्लिपकार्टवरून पहिल्यांदा जावाचं पुस्तक मागवलं, पोस्टमनने घरी आणून दिलं तेव्हा वडलांनी त्याला चहा पाजला. त्यामुळे ऑनलाइनला नावं ठेवायची माझी तरी हिंमत नाही.

फर्मा चुकला : मी ठेवतो की. मागच्या वर्षी एका साइटवरून डेटाबेसचं जाडजूड मागवलं, स्वस्त होतं म्हणून. 209 ते 224 पानं दोनदा, 225 ते 240 गायबच. सोळा पानांचा एक फर्माच (एकत्र छापून दुमडलेला गठ्ठा) चुकलेला, आकृत्या तर काळ्या डागासारख्या, झेरॉक्सच असणार. कळलं ते दीड महिन्याने, तिथवर वाचत पोचलो तेव्हा, तोवर परत करायची मुदत संपलेली. दुकानात पुस्तक हातात घेऊन भराभर पानं उलटली असती तर तिथेच दिसलं असतं. आणि ऑनलाइन दाखवतात ते पहिलं प्रकरण, ते सगळ्यांचंच छान असतं हो, मधलं कुठलंही पान उघडून डोक्यात शिरतंय का ते बघायचं असतं.

सातपूरकर : +1. पण दुकानातही आवृत्ती बघा बरं का. भाचीला परवा सीचं पुस्तक घेतलं, आत जुना टर्बो सी कंपायलर, त्याचीच कोनिओ डॉट एच फाइल. आताच्या जीसीसी कंपायलरवर चालेना, रडायला आली बिचारी.

मेनरोडची मावशी : टर्बो सीची निळी स्क्रीन!! अगं गोदाकाठची ते दुकान आहे का अजून?

गोदाकाठची : नाही ग, मोबाईल कव्हरं विकतात तिथे आता. स्टूल मात्र तसलंच दिसलं बाहेर, तेच का कोण जाणे. कुकर लावलाय, येते.

उंटवाला : जुनी पुस्तकं सावानाला (सार्वजनिक वाचनालय, नाशिक) देता येतील का? विंडोज 98 आहे माझ्याकडे.

कळवणकर : माझ्याकडे डॉस आहे, रद्दीवाला पण नको म्हणतो. कव्हर प्लास्टिकचंय म्हणे.