भोक पडलं म्हणून दाढ काढायची घाई नको
रूट कॅनाल करताना दाढेच्या तळाला भोक पडलं तर ती काढावीच लागते का, असं एकानं विचारलंय. नाही हो! पूर्वी अशा भोकात अमाल्गम (चांदी-पाऱ्याचं मिश्रण) भरत, पण कडेनं झिरपायचं. १९९३ मध्ये कॅलिफोर्नियातल्या लोमा लिंडा विद्यापीठातून एमटीए (मिनरल ट्रायऑक्साइड अ‍ॅग्रिगेट) हे भोक बुजवायचं सिमेंट पुढे आलं आणि चित्र पालटलं. मुळात हे बांधकामातलं पोर्टलँड सिमेंटच, एक्स-रेत दिसावं म्हणून बिस्मथ ऑक्साइड घातलेलं. कालवल्यावर ओल्या वाळूसारखं लागतं, हलक्या हातानं दाबून बसवायचं. घट्ट व्हायला मात्र पावणेतीन तास, म्हणून वर ओला बोळा ठेवून पेशंटला पुन्हा बोलावतात. बायोडेंटिन हे त्याच जातीचं दुसरं सिमेंट साधारण १२ मिनिटांत घट्ट होतं, दात काळवंडायची भीतीही कमी. मी तेच वापरते. फक्त भोक शक्यतो त्याच बैठकीत बुजवा, जंतू शिरले की दाढ वाचवणं फार अवघड जातं.