‘बेटर ऑफ डेड’मधला प्रेमभंग विनोदांच्या गर्दीत हरवतो का?

प्रश्न

सॅव्हेज स्टीव्ह हॉलंड यांनी लिहिलेला आणि दिग्दर्शित केलेला ‘बेटर ऑफ डेड’ (१९८५) नुकताच पाहिला. जॉन क्युसॅकने रंगवलेल्या लेन मायर या हायस्कूलमधल्या मुलाला त्याची मैत्रीण बेथ सोडून जाते, कारण स्कीइंग संघाचा कर्णधार रॉय स्टॅलिन अधिक देखणा आणि अधिक लोकप्रिय आहे, शिवाय त्याची गाडीही चांगली आहे. इथपर्यंत सरळ आहे. पुढे मात्र मातीचा हॅम्बर्गर गिटार वाजवतो, धाकटा भाऊ घरातल्या सामानातून अवकाशयान बांधतो आणि वर्तमानपत्र टाकणारा मुलगा दोन डॉलरच्या थकबाकीसाठी लेनच्या मागे हात धुऊन लागतो. मी पुष्कळ हसलो, पण या सगळ्यात त्या मुलाचे दुःख कुठे गेले? जीव देण्याच्या प्रयत्नांवरचे विनोदही खटकले. इतरांना हा चित्रपट कसा वाटला?

प्रतिसाद १

दुःख कुठेही गेलेले नाही. आपण सारे काही लेनच्या डोळ्यांनी पाहत आहोत, एवढेच. सुरुवातीला त्याचे कपाट उघडते तेव्हा आतल्या प्रत्येक हँगरवर बेथचा चेहरा दिसतो. ती गेल्यावर हेच जग त्याच्यावर उलटते: बेथला फिरायला नेले तर तुझी हरकत नाही ना, असे गणिताचे शिक्षक त्यालाच विचारतात आणि टीव्हीवरच्या कार्टूनमधले पात्रसुद्धा तेच विचारते. सगळे गाव आपल्याच जखमेवर बोट ठेवत आहे, असे अशा दिवसांत कोणालाही वाटते. हॉलंड यांनी ते वाटणे पडद्यावर खरे करून दाखवले. ते मूळचे अ‍ॅनिमेशनवाले आणि ही गोष्ट त्यांना स्वतःच्या प्रेमभंगावरून सुचलेली, त्यामुळे अतिशयोक्ती हीच त्यांची स्वाभाविक भाषा आहे. दोन डॉलर मागणारा पोरगाही मला याच दुःखाचा भाग वाटतो, कारण त्याला कोणतीही सबब चालत नाही आणि तो बर्फाच्या उतारावरही गाठतो.

प्रतिसाद २

वरचे विवेचन पटले, पण ‘लेनला तसे दिसते’ ही पळवाट झाली तर चित्रपटातला कोणताही दोष तिच्यातून सुटून जाईल. बेथला स्वतःचे असे काहीच नाही, हा लेखनातला कच्चा दुवाच आहे.

जीव देण्याच्या प्रसंगांबाबत एक गोष्ट मात्र नोंदवावीशी वाटते. पुलावर उभ्या असलेल्या लेनने विचार बदललेला असतो. तेवढ्यात मित्र चार्ल्स पाठीवर थाप मारतो आणि लेन खालून जाणाऱ्या कचऱ्याच्या ट्रकमध्ये पडतो. हसू येते ते त्याच्या फुटक्या नशिबाचे, निराशेचे नव्हे. तरीही माझ्या पंधरा वर्षांच्या भाचीला मी हा चित्रपट एकटीने पाहू देणार नाही.

खुद्द क्युसॅकलाही तो तेव्हा आवडला नव्हता, असे हॉलंड यांनी सांगितलेले आहे.

प्रतिसाद ३

सावरण्याचा भाग चर्चेतून निसटतो आहे. समोरच्या घरात राहणारी फ्रेंच विद्यार्थिनी मोनिक (डायन फ्रँकलिन) यजमान माय-लेकांचा जाच टाळण्यासाठी इंग्रजी येतच नसल्याचे सोंग घेते. बंद पडून राहिलेली लेनची १९६७ सालची कॅमारो गाडी दुरुस्त करायला तीच पुढे होते, आणि माझ्या मते लेन तिथेच सावरू लागतो. ‘के-१२’ या बर्फाच्या उतारावर रॉयशी होणारी स्कीइंगची शर्यत ही पुढची गोष्ट. हात ग्रीसने माखलेले असताना बेथचा विचार करायला त्याला सवड मिळत नाही. शर्यतीत तो एक स्की गमावूनही खाली पोहोचतो, आणि बेथ परत येते तेव्हा त्याचे मन तिच्यात उरलेले नसते.

प्रश्नकर्त्याचे उत्तर

सर्वांचे आभार. हे वाचून मी गणिताच्या वर्गाचा प्रसंग पुन्हा पाहिला. शिक्षकांच्या प्रत्येक वाक्यावर वर्ग आनंदाने डोलतो, गृहपाठाचे गठ्ठे पुढे करतो, आणि त्यातले अक्षरही न कळलेला लेन एकटाच बसलेला असतो. पहिल्यांदा मी तिथे केवळ शाळेची थट्टा पाहिली होती.