न्यूयॉर्कमधील १९२६ सालच्या इमारतीतले घर घ्यावे का?

पाचपाखाडीकर

नमस्कार. माझी मुलगी आणि जावई मॅनहॅटनच्या अपर वेस्ट साइड भागात, वेस्ट एंड अ‍ॅव्हेन्यूवर, एक घर घेण्याच्या विचारात आहेत. इमारत १९२६ सालची, म्हणजे तिकडे ज्यांना ‘प्री-वॉर’ म्हणतात त्या महायुद्धापूर्वीच्या इमारतींपैकी आहे. किंमत १९ लाख डॉलर सांगितली असून वर दरमहा ३,४०० डॉलर मेंटेनन्स आहे. मागच्या रविवारी तिने व्हिडिओ कॉलवर घर फिरून दाखवले. माशाच्या काट्याच्या नक्षीत बसवलेली लाकडी जमीन, जवळजवळ दहा फूट उंचीचे छत, जेवणाची वेगळी खोली, आणि स्वयंपाकघरामागे एक खाट जेमतेम मावेल एवढी मोलकरणीची खोली. तिकडे अशा सहा खोल्यांच्या रचनेला ‘क्लासिक सिक्स’ असे खास नाव आहे म्हणे. खिडकीखालचा लोखंडी रेडिएटर सारखा फुसफुसत होता, आणि त्या खिडकीच्या वरच्या कोपऱ्यात रंगाला आलेला फुगवटा मला इथे बसून दिसला, तिला तिथे उभे राहून दिसला नव्हता.

मी आमच्या सोसायटीचा अकरा वर्षे सचिव होतो. ठाण्यात चाळीस वर्षांच्या इमारती पुनर्विकासाला निघतात, आणि पावसाळा जवळ आला की महापालिकेची अतिधोकादायक इमारतींची यादी येते; त्यामुळे शंभरीला टेकलेल्या वास्तूत एवढा पैसा घालणे मनाला पटत नाही. शिवाय हे ‘को-ऑप’ प्रकरण काय असते, आणि आम्ही उभयतांनी येथून थोडी रक्कम पाठवायची झाल्यास ती कशी पाठवावी, हेही जाणकारांनी सांगावे.

घंटाळीचा अभियंता

वयाची तुलना येथे लागू पडत नाही. आपल्याकडच्या सत्तर-ऐंशीच्या दशकांतल्या बऱ्याच इमारतींत सळईवर काँक्रीटचे आवरण पुरेसे नाही, त्यात खाडीची खारट हवा आणि गळकी गच्ची; सळई गंजून फुगते आणि काँक्रीट फोडून बाहेर येते. १९२०च्या दशकातल्या मॅनहॅटनच्या उंच इमारतींचा सांगाडा बहुधा पोलादी, आणि बाहेरून विटांचे जाड आवरण असते. तिथला धोका त्या आवरणाला असतो, विशेषतः खिडकीवरच्या पोलादी तुळईत पाणी मुरते तेव्हा. १९७९ साली दर्शनी भागाचा तुकडा अंगावर पडून तिथे एका विद्यार्थिनीचा मृत्यू झाला, आणि पुढच्याच वर्षी तपासणीचा कायदा आला. आज सहा मजल्यांहून उंच प्रत्येक इमारतीच्या दर्शनी भिंती दर पाच वर्षांनी तपासून ‘सुरक्षित’, ‘दुरुस्तीच्या अटीवर सुरक्षित’ किंवा ‘असुरक्षित’ असा अहवाल द्यावा लागतो. आपल्या महापालिका धोकादायक इमारतींची जी सी-१, सी-२, सी-३ अशी वर्गवारी करतात, तिचाच भाऊ समजा. शेवटचा शेरा कोणता होता आणि काम झाले की नुसतीच परांची उभी आहे, हे आधी विचारा. आपण पाहिलेला फुगवटा बाहेरच्या भिंतीवर असेल, तर तो रंगाऱ्याचा विषय नाही.

घरात लहान मूल असेल तर जुन्या रंगातल्या शिशाचीही चाचणी करून घ्यावी. त्या शहरात शिसेयुक्त रंगावर १९६० साली बंदी आली, आणि ही इमारत त्याच्या कितीतरी आधीची आहे.

नेरूळकर

काका, माझ्या भावाने तीन वर्षांपूर्वी असेच घर घेतले. को-ऑपमध्ये घराचे खरेदीखत होत नाही. इमारतीची मालक असलेल्या कंपनीचे शेअर मिळतात आणि त्यांच्या आधारे घराचा भाडेपट्टा. आपल्या शेअर सर्टिफिकेटची सवय असलेल्यांना हे परके वाटू नये. फरक पडतो तो कमिटीच्या अधिकारात. आपल्याकडे सभासदत्वाच्या अर्जावर सोसायटीने तीन महिन्यांत निर्णय कळवला नाही, तर अर्जदार सभासद झाला असे कायदा मानतो. तिथले बोर्ड पगार, करपत्रके, शिफारसपत्रे सगळे मागते, समोर बसवून मुलाखत घेते, आणि नाही म्हणाले तर बहुधा कारणही सांगत नाही. भावाने मुलाखतीसाठी नवा कोट शिवला होता, आणि विचारले काय, तर पियानो वाजवता का!

मेंटेनन्सचा आकडा ऐकून घाबरू नका, त्यात मालमत्ता कर आणि घर गरम ठेवण्याचा खर्चही असतो. पण पुष्कळदा इमारतीनेच काढलेल्या कर्जाचा हप्ताही त्यातच असतो. ते कर्ज किती, केव्हा फेडायचे, आणि राखीव निधी किती, हे ताळेबंदात पाहा. २५,००० चौरस फुटांवरच्या इमारतींना २०२४पासून कार्बन उत्सर्जनाची मर्यादा लागू झाली असून २०३०पासून ती आणखी कडक होईल. जुना तेलावरचा बॉयलर असेल तर तो खर्च ठरलेलाच. बोर्डाच्या सभांची इतिवृत्ते खरेदीदाराच्या वकिलाला वाचायला मिळतात, ती तुम्हीच वाचा. अकरा वर्षे लिहिली आहेत, कुठे काय झाकले जाते ते तुम्हाला कळेल.

वाशीचे हिशेब

पैशांपुरते लिहितो. एलआरएसखाली, म्हणजे परदेशी पैसे पाठवण्याच्या रिझर्व्ह बँकेच्या योजनेखाली, एका व्यक्तीला एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलर पाठवता येतात, त्यामुळे आपण दोघे मिळून पाच लाख. मार्च आणि एप्रिल असे दोन भाग केल्यास दोन वर्षांची मर्यादा वापरता येते. वर्षाला १० लाख रुपयांवरच्या रकमेवर बँक २० टक्के टीसीएस, म्हणजे पैसे पाठवतानाच कापला जाणारा आगाऊ आयकर, घेते. तो विवरणपत्रात वळता होतो, पण तोवर रक्कम अडकते. मुलीला दिलेल्या भेटीवर येथे कर नाही. तिला मात्र वर्षभरातील भेट एक लाख डॉलरवर गेल्यास तिकडे फॉर्म ३५२०, म्हणजे परदेशातून आलेल्या भेटीची माहिती कर खात्याला देणारा अर्ज, भरावा लागेल. कर नसला तरी न भरल्याचा दंड जबर आहे. काही बोर्डांना आईवडिलांचे पैसे खपत नाहीत, म्हणून आधी विचारा, आणि ‘ही भेट आहे, परत मागणार नाही’ असे पत्र तयार ठेवा. दहा ते वीस लाख डॉलरच्या घरावर खरेदीदाराला एक टक्का ‘मॅन्शन टॅक्स’ पडतो, म्हणजे येथे १९,००० डॉलर.

पाचपाखाडीकर

सर्वांचे आभार. वकिलाने दोन वर्षांची इतिवृत्ते वाचून काढलेली टिपणे मुलीने पाठवली आणि मी ती दोन रात्रींत वाचली. चौदा महिन्यांपूर्वीच्या सभेत, याच रांगेतल्या वरच्या मजल्यावरच्या सभासदाने खिडकीवरून पाणी येत असल्याची तक्रार केली आहे. पुढच्या सभेत ‘कंत्राटदाराकडून दरपत्रक मागवावे’ असे आहे, आणि त्यानंतर त्या विषयाचा उल्लेखच नाही. आमच्या कमिटीत नको असलेला विषय असाच गायब होत असे. दर्शनी भागाचा शेरा ‘दुरुस्तीच्या अटीवर सुरक्षित’ असा निघाला. या कामासाठी जी जादा वर्गणी बसेल ती विक्रेत्याने भरावी, अशी अट करारात घालायला मी सांगितले आहे. विक्रेत्याचे उत्तर शुक्रवारी अपेक्षित आहे, आल्यावर येथे कळवीन.