पेग किती, आणि कधी?
‘तंबाखू तोंडाला, दारू लिव्हरला, दोघांचा हिशोब वेगळा’ असं बरेच जण म्हणतात, ते पटत नाही. दारूमुळे तोंडाचं अस्तर सैल पडतं आणि तंबाखूतली नायट्रोसमाइन्स, म्हणजे कॅन्सर करणारी रसायनं, सहज आत शिरतात, हे एक झालंच. पण नवी मुंबईच्या रबाळे-महापे कारखाना पट्ट्यात सॉल्व्हंट (विरघळवणारी, पातळ करणारी रसायनं) हाताळणाऱ्यांचा खरा प्रश्न लिव्हरमधल्या सीवायपी२ई१ या एन्झाइमचा आहे. ते दारूही फोडतं आणि काही सॉल्व्हंटमध्ये असणारं विषारी बेंझिनही. रोज ४० ग्रॅम अल्कोहोल, म्हणजे ३० मिलीचे चार पेग, आठवडाभर गेले की ते वाढतं. मग सकाळी दारू उतरलेली, एन्झाइम मात्र वाढलेलं. अशा वेळी नाकातून गेलेल्या बेंझिनपासून रक्त बिघडवणारी द्रव्यं जास्त बनू शकतात.

दारू रक्तात असताना गणित उलटं. एन्झाइम तिच्यातच गुंतलेलं, त्यामुळे काही नायट्रोसमाइन्स लिव्हरमधून न फुटता निसटतात आणि अन्ननलिकेपर्यंत पोचतात. बेंझिनही तेवढ्या वेळात कमी फुटतं. म्हणूनच पाळीत कुणी पिऊन आला असेल तर सुटताना दिलेल्या लघवीत म्युकोनिक अ‍ॅसिड (बेंझिन फुटून बनणारं, ते किती अंगात गेलं हे दाखवणारं द्रव्य) कमी दिसू शकतं. (सुपरवायझर त्यालाच ‘नॉर्मल’ म्हणून फाइलला लावतात!) नमुन्याच्या फॉर्मवर शेवटचा पेग कधी घेतला ते लिहून घ्या, आणि रिपोर्ट कसाही येवो, मास्कचं ऑरगॅनिक व्हेपर कार्ट्रिज (सॉल्व्हंटची वाफ शोषणारी डबी) ठरल्या वेळी बदला.